बॅटरीच्या आगीला पाणीच हवे

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरी चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादमध्ये ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ जणांचा जीव गेला. आपण मात्र आजही बॅटरी उशाशी नाहीतर जिन्याखाली चार्ज करतो.

लिथियम-आयन सेलमध्ये दोन अग्रांच्या मधे केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव. बॅटरी जोरात आपटली, प्रमाणाबाहेर चार्ज झाली किंवा कारखान्यातच धातूचा एखादा कण आत राहिला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. साधारण 130 अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. दोनशेच्या आसपास निकेलयुक्त धनाग्र स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते. म्हणजे इथे रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते आणि ती उष्णता क्रियेला आणखी वेग देते. मग फटाक्यांच्या माळेसारखा एक सेल शेजारच्याला पेटवत जातो. लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) प्रकारच्या बॅटऱ्या अधिक तापमान सोसतात आणि ऑक्सिजन फारसा सोडत नाहीत, पण तापल्यावर ज्वालाग्राही वायू त्यांच्यातूनही बाहेर पडतात.

म्हणूनच वाळू किंवा घोंगडी टाकून भागत नाही. ज्वाळा दबते, उष्णता आतच कोंडून राहते आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेते. तिला थंड करायला हवे आणि त्यासाठी भरपूर पाण्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. लिथियम पाण्यात भडकतो हे शाळेत शिकलेले खरेच आहे, पण ते शुद्ध धातूबद्दल. मोबाइलच्या किंवा स्कूटरच्या बॅटरीत तो संयुगांच्या रूपात असतो.

मोबाइल किंवा पॉवर बँक पेटली तर आधी वीज बंद करावी आणि दुरून पाणी ओतत राहावे. स्कूटरची गोष्ट वेगळी. तिच्या तीन किलोवॅट-तासांच्या बॅटरीत 20,000 एमएएचच्या सुमारे चाळीस पॉवर बँकांइतकी ऊर्जा साठलेली असते. ती विझवण्याच्या फंदात कुणीही पडू नये. माणसांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे, 101 किंवा 112 ला फोन करून ‘बॅटरीची आग आहे’ असे स्पष्ट सांगावे. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. तोंडावर धरलेला ओला रुमाल त्याला अडवू शकत नाही.

मला सर्वांत धोक्याची वाटते ती जुन्या इमारतींतली जिन्याखालची जागा. तिथेच मीटरच्या पेट्या, तिथेच चार्जिंगची स्कूटर, आणि सगळ्या बिऱ्हाडांना बाहेर पडायची वाट तेवढीच! सोसायटीने चार्जिंगची सोय उघड्यावर, जिन्यापासून दूर करावी, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे. घरात काढून आणलेली बॅटरीही दारात ठेवू नये, रात्रभर लावून झोपू नये आणि चार्जर तिच्याबरोबर आलेलाच वापरावा. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला न लावता ती आधी निवू द्यावी. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये, कारण कचरागाडीत चिरडली की तिथेच पेटू शकते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावी, आणि विक्रेत्याने हात झटकले तर थेट उत्पादकाकडे तक्रार करावी.