आधी थर ओळखा, मग फडकं उचला

आजीच्या काळ्या सिंगर मशीनवरची सोनेरी नक्षी मळलीय. हाताशी स्पिरिट आहे. पुसाल? थांबा जरा.

तुम्हाला एकच पृष्ठभाग दिसतो, पण थर तीन आहेत. बिडावर भट्टीत भाजलेला काळा जपान लेप, त्यावर डेकल म्हणजे चिकटवलेली नक्षी, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. जुन्या मशीनवर तो बहुधा शेलॅकचा असतो, म्हणजे सुतार पॉलिशला वापरतात त्या चपड्याचा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. हा थर गेला की नक्षी उघडी पडते, तिचा सोनेरी रंग उडतो आणि ती चंदेरी दिसू लागते. गेलेला रंग परत येत नाही.

म्हणून आधी फोटो काढा. मग मशीनच्या तेलाचा कापूस न दिसणाऱ्या कोपऱ्यात फिरवून बघा. कापसावर मळ आला तर पुढे जा. सोनेरी कण आले तर तिथेच थांबा.

गंमत म्हणजे दुरुस्तीही त्याच गुणधर्मावर चालते. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, बोळ्यावर तेलाचा थेंब, हलक्या हाताने पातळ थर: हे फ्रेंच पॉलिश. नवा थर जुन्यात मिसळतो, चकाकी परत येते.

नवी डेकल लावायचा मोह होईल. पण मशीनचा काळ ठरवताना सिरीयल नंबरासोबत मूळ नक्षीही पुरावा असते. ती खरवडलीत तर तो पुरावा संपला.

तुमच्या डेटाचंही तसंच. साफसफाई करा, पण मूळ प्रत बाजूला ठेवून आणि काय बदललं ते लिहून.