भाडे थकले, नोटीस आली. आता घर जाणार?

दोन-चार महिन्यांचे भाडे थकले की कुलूप बदलायचे, नळ तोडायचा, वीज बंद करायची, असे काही घरमालक आजही करतात. हा सरळसरळ अन्याय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. भाडेकरूला बाहेर काढायचे तर कोर्टातच जावे लागते.

तेही लगेच नाही. कलम 15 प्रमाणे मालकाने आधी थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यायची आणि 90 दिवस थांबायचे. तेवढ्यात सगळी बाकी चुकती केली तर प्रश्न तिथेच मिटतो. मालक भाडे घ्यायलाच तयार नसेल, तर बँकेतून किंवा चेकने पाठवा आणि पुरावा जपून ठेवा. रोख दिले तर पावती मागाच. ती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

नोटिशीची मुदत टळली की दावा दाखल होतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात चालतो. इथे कायदा भाडेकरूला दुसरी संधी देतो, आणि बहुतेकांना नेमकी हीच माहीत नसते. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेले भाडे, कायद्याने मान्य केलेली वाढ आणि त्यावर दरसाल 15 टक्के सरळव्याज कोर्टात भरायचे. पुढे निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहायचे, शिवाय कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा. एवढे केले तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. मात्र व्याज राहिले किंवा पुढचे भाडे चुकले, तर हे संरक्षण हातचे जाऊ शकते.

हे सगळे भाडेकरूसाठी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला कलम 15 चा आधार नाही. मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास सक्षम प्राधिकरण ते खाली करायला लावते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणून आपल्या कागदावर काय लिहिले आहे ते आजच वाचा.

समन्स आले तर ते नाकारू नका, लगेच वकिलाला दाखवा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.