गरुडांची शिरगणती

या बाळांनो, बसा इथे. आज अमेरिकेतल्या एका डोंगराची गोष्ट सांगतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्यावरच्या एका माथ्याला हॉक माउंटन म्हणतात. उंची जेमतेम ४६० मीटर, आपला सिंहगडसुद्धा त्याहून कितीतरी उंच! पण थंडीची चाहूल लागली की बाज, ससाणे, गरुड असे हजारो शिकारी पक्षी याच माथ्यावरून दक्षिणेला जातात.

याच डोंगरावरून का? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टोपी खाली टाकली, तर वारा ती परत वर फेकतो, हे ऐकलंय ना? इथेही तसंच. वायव्येचा वारा रांगेवर आपटतो, पुढे वाट नसते म्हणून वर चढतो. पक्षी पंख पसरून त्या वाऱ्यावर स्वार होतात आणि रांग धरून मैलोन्‌मैल सरकत राहतात.

रुंद पंखांच्या बाजांची तऱ्हा थोडी वेगळी. सप्टेंबरच्या मध्याला त्यांचे थवेच्या थवे येतात. उन्हानं जमीन तापली की गरम हवा वर उठते. तिच्यात शेकडो बाज गोल गोल फिरत उंच चढतात, दिसेनासे होतात आणि मग उतरत्या वाटेनं पुढच्या गरम हवेपर्यंत तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा उठत नाही, म्हणून मेक्सिकोच्या आखाताला वळसा घालून ते दक्षिण अमेरिका गाठतात. पंख मारत एवढी मजल मारणं त्यांना झेपलंच नसतं.

पण ही वाट माणसांनाही ठाऊक होती. बाज म्हणजे कोंबड्या पळवणारा चोर, असं तेव्हा लोक मानत. गोशॉक जातीचा बाज मारणाऱ्याला सरकारच ५ डॉलर बक्षीस देई. लोक बंदुका घेऊन डोंगरावर जमत. १९३२ साली रिचर्ड पो नावाच्या तरुणानं मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडून फोटो काढले. ते न्यू यॉर्कच्या रोझली एज यांच्या पाहण्यात आले. १९३४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, या बाईंनी डोंगरच भाड्यानं घेतला, सुमारे १,४०० एकर! राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्याची बायको इर्मा यांना नेमलं. बंदूकवाल्यांना इर्मा रस्त्यावरूनच परत पाठवायची. मला या सगळ्यांत तिचंच जास्त कौतुक वाटतं. गोळीबार थांबला.

मॉरिस माथ्यावरच्या खडकावर बसून मोजायचा. कुठल्या दिवशी, कुठल्या जातीचे, किती. महायुद्धातली तीन वर्षं सोडली, तर मोजणीत खंड पडला नाही.

आता नीट लक्ष द्या. बाल्ड ईगल हा अमेरिकेचा मोठा गरुड. त्याचं डोकं पांढरंशुभ्र असतं, पण जन्मतः नव्हे. लहानपणी ते तपकिरी असतं, पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे मोठा कोण आणि पोर कोण, हे खालून उडताना पाहूनही कळतं. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या शंभर गरुडांत ४० पोरं होती. १९५५ ते १९५९ मध्ये उरली २०. आणि १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एकच पोर!

गरुड वर्षानुवर्षं जगतो. त्यामुळे जुने गरुड आभाळात दिसत होतेच. नुसतं वर पाहणाऱ्याला वाटलं असतं, सगळं ठीक आहे. घरटी ओस पडताहेत, ही गोष्ट आकड्यांनीच सांगितली.

रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हेच आकडे मांडले. संशय होता डीडीटी या कीटकनाशकावर. ते शेतातून पाण्यात, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडाच्या अंगात जायचं. पुढे शास्त्रज्ञांना कळलं, की त्यामुळे अंड्याचं कवच पातळ होतं आणि आई उबवायला बसली की तिच्याच वजनानं अंडं फुटतं. १९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली. गरुड हळूहळू वाढले आणि २००७ मध्ये धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतून त्यांचं नाव निघालं.

काय म्हणालीस? मग आता मोजणं थांबवलं असेल? छे गं! दर शरदात त्या खडकावर दुर्बिणी लावून माणसं बसतातच. बाल्ड ईगल दिसला की आधी त्याचं डोकं बघतात.