वाऱ्याचे येणे आणि देणे

देवळीच्या शिवारात, मळणीयंत्रे येण्यापूर्वी, खळ्यावर उफणणीला उभा राहिलेला शेतकरी हातातले सूप उचलण्याआधी वारा कोणत्या अंगाने येतो हे जसे पाही, तसेच सोनेगावच्या धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबचे सेस्ना १५२ घेऊन उभा राहिलेला विद्यार्थी विंडसॉककडे पाहत आला आहे. पंखांना हवा वेगाने वाहती हवी असते. ती समोरून आली काय किंवा विमान तिच्यात घुसले काय, पंखांना त्याचे सोयरसुतक नसते. उड्डाणास ताशी ९० किलोमीटर वेग लागत असेल आणि समोरून १८ चा वारा असेल, तर जमिनीवर ७२ चाच वेग गाठावा लागतो. आणि अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे धाव तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आखडते.

विमानाची पुस्तिका मात्र इतकी उदार नाही. समोरच्या वाऱ्याच्या दर १७ किलोमीटरमागे ती अंतरात केवळ १० टक्के वजावट मंजूर करते, आणि पाठीमागच्या वाऱ्याच्या दर ४ किलोमीटरमागे तितकीच वाढ वसूल करते. येणे कमी धरावे आणि देणे जास्त, हा जुन्या मुनिमांचा शिरस्ता; मला तो येथे फार शहाणपणाचा वाटतो, कारण वारा कोणाला जामीन राहत नाही.

वजनाचा दंड दुहेरी असतो. कापसाने लादलेल्या बंडीप्रमाणे जड विमान वेग घेण्यास विलंब लावते, शिवाय उचलण्यासाठी त्याला वेगही अधिक लागतो. म्हणून वजन दहा टक्क्यांनी वाढले की धाव पंचमांशाने लांबते. या विमानाची मर्यादा ७५७ किलो. त्यातील सुमारे ५०० त्याचे स्वतःचेच. भरलेल्या टाकीचे सत्तर आणि दोन धट्टेकट्टे इसम मांडले, की संत्र्यांच्या पेटीलाही जागा उरत नाही.

याखेरीज आमच्याकडील ऊन. सोनेगाव समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर उंच. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की तेथील हवा महाबळेश्वराहूनही उंच ठिकाणच्या हवेइतकी विरळ होते, आणि पंख, पंखा व इंजिन तिघेही एकदम दुबळे पडतात.

पूर्ण भारासह २२१ मीटरची धाव, हा पुस्तिकेतील आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश तपमानाचा आणि निवांत हवेचा आहे. वैशाखातल्या विदर्भात तसा दिवस उगवत नाही.