समुद्रावरचा विमानतळ आणि त्याचा जमाखर्च

घरावर मजला चढवायचा म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचा. शिल्लक किती मोडायची, कर्ज किती काढायचं, आणि बांधकाम चालू असताना रोजची चूल कुठे मांडायची? हाँगकाँगच्या विमानतळाविषयी वाचताना मला हेच आठवत होतं.

तिथला जुना विमानतळ, काय ताक, भर वस्तीत होता. एकच धावपट्टी, आणि गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून विमानं उतरायची! वाढायला जागाच उरली नाही. तेव्हा चेक लाप कोक नावाचं बेट सपाट करून, भोवती समुद्रात भर घालून नवा तळ बांधला. बेटावरची माणसं हलवली, त्यांच्या समुद्रदेवीचं देऊळसुद्धा. ६ जुलै १९९८ला तळ सुरू झाला. जुन्या तळावरचं सामान एका रात्रीत नेलं होतं म्हणे! तरी पहिले काही दिवस फलक चुकीचे, बॅगा सापडेनात, मालाच्या गोदामात तर नुसता गोंधळ. नव्या घरात मिठाचा डबा सापडत नाही, तसंच झालं.

हा संसार सांभाळते एअरपोर्ट अथॉरिटी. १९९५च्या कायद्याने ती स्थापन झाली. मालकी पूर्ण सरकारची, पण कारभार व्यापारी हिशेबाने करायचा, असं कायद्यातच आहे. विमानांच्या वाहतुकीचं नियंत्रण सरकारी खात्याकडे. मालाची ने-आण, इंधन, खानपान परवाने दिलेल्या कंपन्यांकडे. अथॉरिटी विमान उतरवण्याची फी घेते आणि दुकानांकडून भाडं. आपण अत्तर-चॉकलेटं घेतो, त्यातलाही वाटा तिकडे जातोच.

दोन धावपट्ट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा २०१६च्या ऑगस्टमध्ये तिसरीचं काम निघालं. समुद्रात आणखी सुमारे ६५० हेक्टर भर. अंदाजे खर्च १४१.५ अब्ज हाँगकाँग डॉलर! जवळजवळ निम्मं कर्ज. सरकारने नफ्यातला आपला वाटा घेतला नाही, तो बांधकामात घातला. उरलेलं प्रवाशांकडून, तिकिटामागे ७० ते १८० डॉलर, तेही धावपट्टी व्हायच्या कितीतरी आधीपासून. अशा मांडणीमुळे विधिमंडळाकडे पैसे मागायला जावंच लागलं नाही, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते. घरातल्या थोरल्यांना न विचारता काढलेलं कर्ज फेडायचं असतं सगळ्यांनीच.

त्यात कोविड आला. २०१८मध्ये साडेसात कोटींच्या आसपास प्रवासी होते, २०२१मध्ये जेमतेम १४ लाख. तरी काम थांबलं नाही. २०२२मध्ये नवी धावपट्टी वापरात आली. मग मधली बंद ठेवून दुरुस्त केली, आणि २८ नोव्हेंबर २०२४पासून तिन्ही चालू आहेत.

समुद्रतळाचा चिखल उपसायचा तर त्यातली जुनी घाण पाण्यात पसरली असती. म्हणून तो न उपसता त्यातच खोलवर सिमेंट मिसळून घट्ट केला. ही युक्ती मला फार आवडली. पण त्याच पाण्यात गुलाबी रंगाचे डॉल्फिन राहतात, मोठेपणी गुलाबी होणारे. आधीच कमी होत चाललेले ते जीव लांताऊच्या उत्तरेला फारच विरळ दिसू लागले. जलद बोटींचा वेग कमी करायला लावला. सुमारे २,४०० हेक्टरचं राखीव सागरी उद्यान मात्र जाहीर झालं नोव्हेंबर २०२४मध्ये, भर घालून झाल्यावर. ते काम सुरू होण्याआधी करा, असं डॉल्फिनप्रेमी मंडळी पहिल्यापासून सांगत होती.