ॲन इन्स्पेक्टर कॉल्स (नाटक)

ॲन इन्स्पेक्टर कॉल्स हे इंग्लिश नाटककार, कादंबरीकार व निबंधकार जॉन बॉयंटन प्रीस्टली (१८९४–१९८४) यांचे तीन अंकी नाटक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात ते लिहिले गेले. त्याचा पहिला प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झाला, तर लंडनमध्ये ते १ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. त्या प्रयोगात इन्स्पेक्टर गूलची भूमिका राल्फ रिचर्डसन यांनी केली होती. नाटकाची बांधणी पोलिसी तपासाच्या रहस्यकथेची आहे. विषय मात्र अनोळखी माणसाविषयी आपले काही उत्तरदायित्व असते का, हा आहे. इंग्लंडमधील शाळांत ते दीर्घकाळ अभ्यासाला नेमले जात आले आहे.

कथानक

इंग्लंडच्या उत्तर मिडलँड्समधील ब्रम्ली या काल्पनिक औद्योगिक शहरात, १९१२ सालच्या वसंतातील एका संध्याकाळी हे नाटक घडते. आर्थर बर्लिंग या कारखानदाराच्या घरी मुलगी शीला हिच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू आहे. नियोजित वर जेराल्ड क्रॉफ्ट हा प्रतिस्पर्धी कंपनीच्या मालकाचा मुलगा असल्याने या विवाहाकडे बर्लिंग धंद्याच्या दृष्टीनेही पाहतो. जेवणानंतर तो तरुणांना उपदेश करतो: युद्ध होणार नाही, टायटॅनिक जहाज बुडणे शक्य नाही, माणसाने आपले व आपल्या कुटुंबाचे पाहावे. सर्व माणसे पोळ्यातील मधमाश्यांप्रमाणे एकमेकांशी बांधलेली आहेत, असे म्हणणारे लोक त्याला विक्षिप्त वाटतात. तो हे बोलत असतानाच दाराची घंटा वाजते आणि इन्स्पेक्टर गूल आत येतो.

इव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक द्रव पिऊन जीव दिल्याचे सांगून गूल घरातील एकेकाची चौकशी करतो. आठवड्याचे वेतन साडेबावीस शिलिंगांवरून पंचवीस करावे, या मागणीसाठी झालेल्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल बर्लिंगने तिला १९१० मध्ये कारखान्यातून काढलेले असते. पुढे मिळालेली कपड्यांच्या दुकानातील नोकरी शीलाच्या तक्रारीमुळे जाते. एक पोशाख स्वतःला शोभला नाही आणि त्या मुलीला शोभून दिसला, एवढेच त्या रागाचे कारण. जेराल्ड तिला आसरा देतो, काही महिने प्रेयसी म्हणून ठेवतो व सोडून देतो. शीलाचा भाऊ एरिक दारूच्या नशेत बळजबरीने तिच्या खोलीत शिरतो आणि त्याच्यापासून ती गरोदर राहते. तो देत असलेले पैसे वडिलांच्या कचेरीतून चोरलेले आहेत हे कळताच ती ते नाकारते. अखेर ती ज्या धर्मादाय संस्थेकडे जाते, तेथे एरिकची आई सिबिल हिचाच शब्द चालतो. मुलीने ‘मिसेस बर्लिंग’ असे नाव सांगितलेले सिबिलला उद्धटपणाचे वाटते व ती अर्ज फेटाळायला लावते. मुलाच्या बापाला जबाबदार धरून कडक शासन करा, असे ती गूललाही बजावते. तो बाप कोण, हे प्रेक्षकांच्या लक्षात आल्यानंतर तिच्या लक्षात येते.

गूल निघून गेल्यावर त्या नावाचा कोणी इन्स्पेक्टर शहराच्या पोलीस दलात नाही आणि इस्पितळात आत्महत्येची नोंदही नाही, असे उघड होते. घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. एवढ्यात दूरध्वनी वाजतो: एका मुलीचा जंतुनाशक प्यायल्याने इस्पितळाच्या वाटेवर मृत्यू झाला असून चौकशीसाठी एक पोलीस इन्स्पेक्टर निघाला आहे.

जबाबदारीचा विचार

नेहमीच्या रहस्यनाट्यात संशयितांची संख्या घटत जाते व शेवटी एक गुन्हेगार उरतो. येथे उलट घडते. तपास पुढे सरकतो तसे दोषी वाढत जातात. एरिकची बळजबरी व चोरी सोडल्यास बाकीच्यांनी कायदा मोडलेला नाही. कामगार काढणे हा मालकाचा अधिकार, तक्रार करणे हा ग्राहकाचा, अर्ज नाकारणे हा समितीचा. शिवाय प्रत्येकाला फक्त आपली कृती ठाऊक आहे, आधीच्या आघाताची कल्पना नाही. कोणा एकाच्या वागण्याने इव्हा मेली असती असे म्हणता येत नाही, आणि नेमका हाच युक्तिवाद प्रत्येक जण स्वतःच्या बचावासाठी वापरू शकतो. प्रीस्टली यांनी कथानक असे रचले आहे की तो युक्तिवाद सर्वांनी एकदम वापरला की मृत्यूला कोणीच जबाबदार उरत नाही. निघताना गूल जे बोलतो त्याचा रोख येथेच आहे: इव्हासारखे लक्षावधी लोक अजून जिवंत आहेत, आपण सारे एकाच शरीराचे अवयव आहोत आणि हा धडा कोणी घेतला नाही तर तो रक्तपातातून शिकावा लागेल.

नाटकाची खरी कसोटी मात्र गूल गेल्यावर लागते. त्याने छायाचित्र एका वेळी एकालाच दाखविलेले असते, तेव्हा ती वेगवेगळ्या मुलींची छायाचित्रे असू शकतील, असा तर्क जेराल्ड मांडतो. तर्क बिनचूक आहे. पण मुली निरनिराळ्या असल्या तरी आपण जे केले ते केलेच, हे शीला आणि एरिक यांचे म्हणणे त्याने खोडले जात नाही. आईवडिलांना भीती होती ती बदनामीची आणि हातचा ‘सर’ किताब जाण्याची. ती टळताच त्यांच्या लेखी प्रकरण संपते. पश्चात्ताप आणि पकडले जाण्याचे भय यांतील हा भेद तिसऱ्या अंकात जितका स्पष्ट होतो, तितका गूलच्या भाषणानेही होत नाही.

१९१२ आणि १९४५

प्रेक्षक दोन महायुद्धे पाहून आलेले होते, त्यामुळे बर्लिंगची भाकिते त्यांच्यापुढे उच्चारताक्षणी हास्यास्पद ठरत. काळाची ही निवड केवळ उपरोधासाठी नव्हती. १९१२ मध्ये बेकार, अविवाहित व गरोदर स्त्रीपुढे खासगी धर्मादाय संस्था किंवा दारिद्र्य कायद्याखालील अनाथगृहवजा कार्यगृह, याखेरीज फारसा मार्ग नव्हता. मदत मिळणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर आणि घेणाऱ्याच्या ‘लायकी’वर अवलंबून असे. सिबिलचा प्रवेश याच व्यवस्थेचे चित्र आहे. सार्वत्रिक सामाजिक विम्याची शिफारस करणारा बेव्हरिज अहवाल १९४२ चा, मजूर पक्षाचा मोठा निवडणूक-विजय जुलै १९४५ चा, आणि राष्ट्रीय विमा कायदा लंडनच्या प्रयोगाच्याच वर्षी, १९४६ मध्ये संमत झाला. प्रीस्टली स्वतः पहिल्या महायुद्धात लढले होते. १९४० मधील त्यांची रविवारची बीबीसी भाषणे अतिशय लोकप्रिय होती आणि १९४२ मध्ये कॉमन वेल्थ या समाजवादी पक्षाच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. युद्धापूर्वीच्या समाजाकडे परत जायचे नाही, ही त्यांची भूमिका नाटकापूर्वीच जाहीर झालेली होती.

मर्यादा

गूलचे अखेरचे भाषण प्रवचनाच्या जवळ जाते, हा आक्षेप रास्त आहे. त्याहून अवघड प्रश्न इव्हाचा. ती रंगमंचावर येत नाही आणि तिच्याविषयी जे कळते ते सारे तिच्या बाजूचे असते: ती कष्टाळू आहे, चोरीचे पैसेही घेत नाही. पीडित व्यक्ती निष्कलंक असावी, हा सिबिलचा निकष अशा रीतीने काही अंशी नाटकानेही मानला आहे. एडना ही मोलकरीण इव्हाच्याच वर्गातील असून घरातच वावरते; तिला मात्र मोजकीच वाक्ये आहेत.

प्रयोग व रूपांतरे

गाय हॅमिल्टन यांच्या १९५४ च्या चित्रपटात ॲलिस्टर सिम यांनी इन्स्पेक्टर रंगविला. त्यात त्याचे नाव पूल असे बदललेले असून इव्हा प्रत्यक्ष पडद्यावर दिसते. स्टीफन डॉल्ड्री यांनी १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी केलेल्या प्रयोगात बर्लिंगांचे घर पावसाळी रस्त्यावर खांबांवर उभ्या केलेल्या बाहुलीघरासारखे होते. १९४० च्या दशकातील वेशातला मूक जमाव त्या घराकडे पाहत राही आणि पुढे घर कोसळे. भारतात १९६५ मध्ये याच कथानकावर ‘थाना थेके आस्छी’ हा बंगाली चित्रपट निघाला. त्यात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका उत्तमकुमार यांनी केली आहे.