सुट्टीतील मलिद्याचे चित्र

न्यू जर्सीतील शाळांना जूनच्या अखेरीपासून सुमारे दोन महिने सुट्टी असते. गेल्या सुट्टीत आमच्या नात्यातील एक विद्यार्थिनी तेथून मुंबईस आली व आमच्या घरी मलिद्याला बसली. परतल्यावर शाळेने सुट्टीविषयी निबंध व चित्र मागितले. दोन्हींच्या प्रती तिने आम्हांस धाडल्या.

मलिद्याचे ताट छान उतरले होते. गोड पोहे, ओले खोबरे, फळे. भिंतीवर रथारूढ एलियाहू हन्नाबींची तसबीर, जी आपल्या घरोघरी असते. स्वतःचा चेहरा मात्र तिने फिकट गुलाबी रंगविला होता. कारण निबंधात सापडले: 'तू ज्यू दिसत नाहीस,' असे वर्गातील ज्यू मुलीच तिला म्हणाल्या होत्या. शिक्षकी सवयीने आम्ही लाल पेन्सिल उचलली. पण खूण करावी कोठे?

उत्तरात आम्ही सियोना बेंजामिन यांच्याविषयी लिहिले. मुंबईत वाढलेल्या या बेने इस्राएल चित्रकर्तीने इलिनॉयमध्ये चित्रकला व रंगमंच-नेपथ्य यांत पदव्या मिळविल्या व न्यू जर्सीत बिऱ्हाड केले. त्यांच्या चित्रांतील स्त्रिया निळ्या असतात. आकाशाचा रंग सर्वत्र असतो आणि कोठलाच नसतो, ही त्यांची भूमिका. २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी येथील यहुदी लोकांचे चेहरे टिपले व त्यांवरून चित्रे रचली.

'मला निळे व्हायचे नाही,' असे मुलीने कळविले. दुसरे चित्र ती तपकिरी रंगाने काढीत आहे. मलिद्यातील पाच फळे कोणती, असे तिने विचारले आहे. खजूर प्रथम लिहून यादी आम्ही आजच टपालात टाकली.